सियादुलारीची टंकी

मेंथाच्या ऐन हंगामात मुलगी बघायला येणाऱ्यांना काय म्हणावं ते सियादुलारीला सुचत नव्हतं, आणि जे सुचत होतं ते होणाऱ्या व्याह्यांबद्दल उघड बोलण्यासारखं नव्हतं. म्हणून सकाळपासून ती ते सगळं बिंदेश्वरीच्या नावाने बोलत होती. बिंदेश्वरी म्हणजे तिच्या नणंदेचा नवरा, तिच्या मुलीचे, कांतीचे फूफा. स्थळ त्यांनीच आणलेलं, दिवसही त्यांनीच ठरवलेला.

"नंदोईजी, सगळ्या वर्षात तुम्हाला हाच दिवस सापडला? माघ गेला, फागुन गेला. तेव्हा काय उन्नावचा रस्ता बंद होता?"

"भौजी, देव झोपायच्या आत लग्न उरकायला हवं. आषाढातली एकादशी झाली की चार महिने मुहूर्त नाही," फूफा म्हणाले. ते खाटेवर बसून दात कोरत होते. त्यांच्या गावात ऊस पिकतो, त्यामुळे जून महिन्यात माणसाला खाटेवर बसता येतं असा त्यांचा समज होता.

"देव झोपतील हो. इथं माणसांना झोप नाही त्याचं काय?"

हे मात्र खरं होतं. बाराबंकीच्या त्या पट्ट्यात जिकडे पाहावं तिकडे मेंथा, म्हणजे पिपरमिंटचा पुदिना, कापून पडलेला. कापलेला मेंथा शेतात जरासा कोमेजू द्यायचा आणि लगेच टंकीवर आणायचा. जास्त सुकला तर तेल उन्हाने उडून जातं, भिजला तर ढीग कुजतो. म्हणजे प्रत्येकाचा मेंथा आजच्या आज उकळायला हवा, आणि टंकी एकच, सियादुलारीची. घरामागे तळ्याच्या काठावर माणसाच्या दीडपट उंचीची ती लोखंडी कोठी उभी होती. खाली भट्टी, आत पाणी, पाण्यावर जाळी, जाळीवर पायांनी तुडवून दाबून भरलेला मेंथा, आणि वर घट्ट झाकण. वाफ निघाली की नळीतून तळ्याच्या पाण्यात फिरून गार व्हायची आणि शेवटी पत्र्याच्या एका उभ्या भांड्यात थेंबथेंब पडायची. भांड्यात खाली पाणी, वर तेल. तेलाची पिवळसर रेघ भांड्याच्या काचेच्या पट्टीत दिसली आणि वर चढली की वरचा नळ सोडायचा. अलीकडे सोडला तर तेल कमी, पलीकडे सोडला तर शेतकऱ्याच्या डब्यात पाणी. सगळं कसब त्या रेघेत होतं आणि त्या नळाला सियादुलारी घराबाहेरच्या कुणाला हात लावू देत नसे.

या दिवसांत गावची हवाच वेगळी. ऊन टाळकं फोडत असतं आणि श्वास मात्र गार होऊन छातीत उतरतो. पोळी गार लागते, डाळ गार लागते, उशीला गारवा, तान्ह्या पोराच्या टाळूला गारवा. गावकऱ्यांना ते कळतसुद्धा नाही, नाकं केव्हाच मेलेली. डोळ्यांचं मात्र तसं नाही. टंकीचं झाकण उघडलं की वाफेचा लोट येतो आणि भलीभली माणसं लहान मुलासारखी डोळे चोळत उभी राहतात. म्हणून या गावात जूनमध्ये कुणी रडलं तर कुणी विचारत नाही. पिपरमिंट असेल म्हणतात आणि पुढे जातात.

सियादुलारीचा नवरा रामसजीवन असाच एका जूनमध्ये गेला होता. टंकी त्यानेच उभी केली होती. घरात दिवस चालू होते आणि बाहेर लोकांचे ढीग कुजत होते, तेव्हा ही बाई डोक्यावरचा पदर कमरेला खोचून टंकीवर येऊन बसली. दगडाच्या काळजाची आहे, असं गाव म्हणालं. त्या हंगामात ती भट्टीपाशी बसून पोटभर रडली, हे कुणालाच कळलं नाही. तेव्हापासून टंकी तिची आणि तोंडही तिचंच. हळूहळू लोकांना तिच्या शिव्यांची इतकी सवय झाली की ती एखाद दिवशी गप्प दिसली तर बायका घरी जाऊन म्हणायच्या, सियादुलारीला ताप आलाय वाटतं.

कांतीला बघायला माणसं येणार हे ठरलं तेव्हा तिने पहिलं काम केलं ते कांतीला फूफांच्या गावी धाडून देण्याचं. त्यालाही कारण होतं. गेल्या साली पुत्तीलालच्या मुलीला बघायला लखनौची माणसं आली होती. मुलगी सकाळी टंकीवर मेंथा तुडवून आलेली. पाहुण्यांसमोर बसली आणि डोळ्यांतून धारा. पाहुण्यांना वाटलं पोरीवर जबरदस्ती चाललीय, त्यांनी नमस्कार केला आणि आले तसे गेले. पुत्तीलाल त्यांच्या मागे रस्त्यापर्यंत धावला, पिपरमिंट आहे हो, पिपरमिंट आहे, म्हणत. कोण ऐकतो? तसं आपल्याकडे व्हायचं नाही, असं सियादुलारीने ठरवलं होतं. उसाच्या गावात दोन-तीन दिवस राहून कांती आज सकाळी फूफांच्या मोटरसायकलवरून परत आली तेव्हा आईने तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं, आपलं नाक तिच्या नाकाला टेकेल इतक्या जवळून तिचे डोळे पाहिले आणि हुकूम सोडला.

"काचेसारखे स्वच्छ आहेत. आता पाहुणे जाईपर्यंत टंकीकडे फिरकलीस तर तंगडी मोडीन."

"अम्मा, छेदीकाकांची गाडी उभी आहे. एवढी एक खेप मी–"

"तंगडी म्हटलं ना!"

कांती आत गेली आणि सियादुलारी टंकीवर. तिथे डोक्याला दुसरा ताप वाट पाहत होता.

एरवी या दिवसांत टंकीवर नंबरावरून मारामाऱ्या व्हायच्या. कुणाची गाडी आधी आली, कुणाचे बैल आधी सुटले, यावरून सख्खे भाऊ एकमेकांच्या सात पिढ्या काढायचे. पण कांती गेल्यापासून टंकीवर काहीतरी भलतंच चाललं होतं. छेदीलालची गाडी पुढे, तिच्यामागे इद्रीस मियांची ट्रॉली, मागे आणखी चार ढीग. आणि कुणीच पुढे होईना.

"छेदी, भर तुझा मेंथा," सियादुलारी म्हणाली.

"मियांचा भरू द्या, चाची. ते वडीलधारे आहेत."

"इद्रीसभाई, तुम्ही या मग."

"अरे नाही नाही," इद्रीस मियांनी दाढीवरून हात फिरवला. "छेदीची गाडी आधी आली. आधी तो. छेदी, पहिले आप."

"असं कसं मियां, पहिले आप."

सियादुलारीचा पारा चढला. "ही लखनौची नवाबी आज कुठून उगवली? परवापर्यंत एकमेकांच्या टाळक्यात कुदळ घालायला निघाला होतात! ढीग काळे पडायला लागलेत, वरून ढग येतायत, आणि म्हणे पहिले आप! मेंथा उकळायला आलायत की मुशायऱ्याला?"

छेदीलालने पायाच्या अंगठ्याने माती उकरली. "चाची, बिटिया परत आली ना?"

"आली. तुला काय करायचंय?"

"नाही, म्हटलं... ती येणार असेल इकडे तर आम्ही थांबतो."

"ती नाही येणार! तिला बघायला माणसं येतायत. आणि तिच्याशी तुमचं काय काम? टंकी कुणाची? हे काय ताकाला जाऊन भांडं लपवणं चाललंय? मनात काय आहे ते सरळ बोला की!"

इद्रीस मियां ढगांकडे बघत राहिले, बाकीचे इद्रीस मियांकडे. शेवटी छेदीलालने, फाशीच्या तख्तावर चढावं तसा, आपला मेंथा टंकीत भरला. तो एवढा का कचरतोय, हे सियादुलारीच्या डोक्यात आलं नाही. तिला एवढंच आठवलं की हा तोच छेदी, जो हंगामाच्या सुरुवातीला डबा परत घेऊन आला होता. तेलात पाणी आलंय म्हणाला होता. तेव्हा तिने त्याला चार लोकांत चोर म्हटलं होतं. पाणी तुझ्या घरात घातलं असशील, माझ्या टंकीतून थेंब जात नाही. छेदी मान खाली घालून निघून गेला होता. नंतर म्हणे कांतीने गुपचूप त्याचं पाणी काढून तेल भरून दिलं. पोरगी फार पुढे पुढे करते. दोन वर्षं झाली, नळापाशी गेलं की ही आहेच तिथे. अम्मा, मी सोडते. अम्मा, तू बस. बस काय बस? आईला खाटेवर बसवायची एवढी घाई कशाला?

भट्टी पेटली, वाफ धरू लागली. छेदीला भट्टीत सरपण घालत राहायला सांगून सियादुलारी घरात आली, आणि पाहुणे येऊन बसलेले.

उन्नावची तिघं होती. मुलगा शिवमोहन, त्याची आई सरजूदेवी आणि एक गप्प बसणारे काका. मुलाचं लोखंडी सामानाचं दुकान होतं. मुलगा शांत, आई मोकळी, बोलायला तोंड भरून. एवढं चांगलं स्थळ बिंदेश्वरीसारख्या माणसाच्या हातून कसं आलं, याचंच सियादुलारीला नवल वाटलं. पण पाहुण्यांचं मात्र काहीतरी बिनसलेलं दिसत होतं. सरजूदेवी पाण्याचा घोट घ्यायची आणि पेल्यात बघायची.

"बर्फ घातलाय का हो?"

"नाही, विहिरीचं आहे."

मग चहा आला. सियादुलारीने स्वतः ओतला. अर्धा बशीत गेला आणि फूफांनी कप वाकडा धरला म्हणून ती त्यांच्यावर ओरडली. फूफांचा हात कपाजवळसुद्धा नव्हता. सरजूदेवीने घोट घेतला आणि तिचा चेहरा असा झाला की चहा गरम आहे की गार, हेच तिला ठरवता येईना. तिने समोसा खाल्ला. समोसा तिखट लागला आणि मागून गार लागला.

"घरात सगळंच पिपरमिंटचं बनतं वाटतं," ती म्हणाली.

"पिपरमिंट? नाही हो, बटाट्याचे आहेत," सियादुलारी म्हणाली. तिने स्वतः एक खाऊन पाहिला. तिला तर नुसता बटाटा लागला. शिवमोहन खाली मान घालून हसू दाबत होता आणि नाक पुसत होता.

मग कांती आली. फिकट गुलाबी साडी, हातात लाडवांची ताटली. सरजूदेवीने तिला शेजारी बसवून घेतलं, स्वयंपाकाचं विचारलं, शिक्षणाचं विचारलं. कांती नीट उत्तरं देत होती. शिवमोहनने विचारलं, टंकी चालवता येते का, तर तिने त्याच्याकडे सरळ बघून सांगितलं की येते, आणि दोघंही जरासे हसले. सियादुलारीच्या जिवात जीव आला. तेवढ्यात सरजूदेवी प्रेमाने म्हणाली, "आता उन्नावला आलीस की हा उष्मा नाही, हा धूर नाही. आई तुझी आहेच इकडे समर्थ, तिची काळजी नको."

आणि कांतीच्या डोळ्यांतून पाणी आलं. नुसते डोळे भरले नाहीत, धारा लागल्या. ती पुसायची आणि पुन्हा यायच्या.

सरजूदेवीने पाठीवर ठेवलेला हात काढून घेतला. काकांनी पहिल्यांदा घसा खाकरला. शिवमोहनचं हसू गेलं. सियादुलारीला तिथेच पुत्तीलाल दिसला, रस्त्यावरून धावणारा.

"अहो, ते पिपरमिंट आहे!" ती जवळजवळ किंचाळली. "टंकी चालू आहे ना मागे. आमच्या गावात जूनमध्ये म्हशीसुद्धा रडतात. बघा, तुमच्या मुलाचंही नाक वाहतंय!"

शिवमोहनचं नाक खरंच वाहत होतं. सरजूदेवी हसली, मग फूफा हसले, मग काकासुद्धा. "मी म्हटलं पोरीला आमचा मुलगा आवडला नाही की काय," ती म्हणाली आणि तिने आपलेही डोळे पदराने टिपले. फूफांनी संधी साधली. मग भौजी, तोंड गोड करूया, लाडू फिरवा. सियादुलारी म्हणाली, फिरवते, आणि कांतीचा दंड धरून तिला स्वयंपाकघरात घेऊन गेली.

"गेलीसच ना टंकीवर? बजावून सांगितलं होतं! सगळं मुसळ केरात जाणार होतं आत्ता!"

"मी नाही गेले, अम्मा."

"खोटं बोलू नकोस. मग हवेतून लागलं असेल. वारा इकडचा आहे."

"हवेनं डोळे चुरचुरतात. असं पाणी येत नाही. तुलाही माहितीय."

सियादुलारी थांबली. तिला माहीत होतं. भट्टीपाशी बसून रडलेल्या बाईला हा फरक कुणी सांगायला नको होता. तिने कांतीचं तोंड पुन्हा दोन्ही हातांत धरलं, अगदी जवळ नेलं.

"मुलगा नाही आवडला?"

"आवडला."

"सासू खाष्ट वाटली?"

"चांगली आहे गं."

"मग झालं काय तुला? का रडतेस मेले, तोंडानं बोल की!"

"तुला तेल दिसत नाही, अम्मा."

सियादुलारीचे हात खाली आले.

"दोन वर्षं झाली," कांती म्हणाली. तिला आता रडू आवरत नव्हतं. "तुला रेघ दिसत नाही. तू अंदाजानं नळ सोडतेस. छेदीकाकांच्या डब्यात अर्धं पाणी होतं. त्याआधीही गेलंय लोकांच्या डब्यात, मी भरून देते. मोतीबिंदूच्या शिबिराला तुला नेलं तर गर्दी आहे म्हणून रांगेतून पळून आलीस. कुणाला सांगू नको म्हणून मला शपथ घातलीस. मी उन्नावला जाऊन बसले तर नळ कोण सोडणार? लोक किती दिवस गप्प बसतील? तुला शिव्या घालतील, टंकीवर यायचे बंद होतील, आणि तू एकटी त्या भांड्यापाशी..."

"अगं, शपथ घातली ती या घराची लाज राहावी म्हणून घातली! झाकली मूठ सव्वा लाखाची. चार लोकांना कळलं की सियादुलारी आंधळी झाली, तर टंकी राहील का? तुझ्या बापाची टंकी?" ती दबक्या आवाजात ओरडत होती, बाहेर पाहुणे होते म्हणून. "आणि आईला दिसत नाही म्हणून पोरीनं लग्न करायचं नाही? कुठल्या शास्त्रात लिहिलंय? मी काय तुला काठी म्हणून जन्माला घातलं?"

"मग काय करू? तू ऐकतेस का कुणाचं?"

एवढ्यात मागून छेदीलालची हाक आली. "चाची! भांडं भरत आलं! बिटियाला पाठवा... म्हणजे, कुणालाही पाठवा!"

आणि कांती उठली. डोळे पुसायचेसुद्धा भान नव्हतं, लग्नाच्या बोलण्याची साडी नेसलेली, पण हाक आली तशी पाय आपोआप मागच्या दाराकडे वळले. सियादुलारीला एवढं मात्र स्पष्ट दिसलं. ही पोरगी आयुष्यभर अशीच उठत राहील. पाहुण्यांना आपण हसवून गप्प केलं. तोंड गोड झालं की ही जाईल, आणि तिकडे उन्नावला चुलीपाशी बसून हीच हाक ऐकत राहील. किंवा जाणारच नाही. दोन्हीचा राग सियादुलारीला आला, आणि या खेपेला तो बिंदेश्वरीवर काढता येईना.

तिने कांतीचं मनगट धरलं आणि तिला ओढतच बाहेरच्या खोलीत आणलं.

"बाई, लाडू ठेवा खाली," ती सरजूदेवीला म्हणाली. "मी तुम्हाला खोटं सांगितलं. माझ्याही डोक्यात ते खोटं नव्हतं, पण निघालं. तिच्या डोळ्यांत पिपरमिंट नाही. ती रडतेय. चला मागे, का रडतेय ते दाखवते."

फूफा उभे राहिले. "भौजी, काय करता हे! जमलेलं–"

"तुम्ही दात कोरा!"

सगळे मागे गेले. टंकीपाशी सगळी मंडळी उभी होती. पाहुण्यांना बघून त्यांनी गमछे सावरले. सियादुलारी भांड्यासमोर जाऊन उभी राहिली. काचेच्या पट्टीत तिला नेहमीचंच दिसलं, दुधात बुडवल्यासारखं पांढरं काहीतरी. तिने डोळे मिचकावले. तेच.

"छेदी, इकडे ये. तेलाची रेघ कुठवर आलीय सांग."

छेदी जागचा हलला नाही. "तुम्हीच बघा ना, चाची."

"मला दिसत नाही."

छेदीने मागे वळून इद्रीस मियांकडे बघितलं.

"ऐकू नाही आलं? मला दिसत नाही!" ती ओरडली, जणू यातही चूक त्या सगळ्यांचीच होती. "दोन साल झाले. मोतीबिंदूच्या शिबिराला नेलं तर रांगेतून पळून आले. तेल कुठलं, पाणी कुठलं, मला कळत नाही. तुझ्या डब्यात पाणी मीच घातलं छेदी, आणि वर तुलाच चोर म्हटलं. आणखी कुणाकुणाच्या डब्यात गेलं असेल देव जाणे. पोरगी भरून देत होती. आता ती लग्न करून जाणार आहे, आणि जाणारच आहे. तेव्हा आता काय करायचं ते करा. दुसऱ्या गावच्या टंकीवर जायचं तर जा. मी अडवणार नाही."

कुणीच गाडी जुंपली नाही. छेदी पुढे झाला, वाकून काचेच्या पट्टीत बघितलं आणि म्हणाला, "चार बोटं चढलीय. सोडू का नळ?"

"सोड."

इतक्या वर्षांत त्या नळाला घराबाहेरचा हात पहिल्यांदाच लागला. तेल डब्यात पडू लागलं. सियादुलारी आवाजाकडे कान लावून उभी होती.

"चाची," छेदी नळावरची नजर न काढता म्हणाला, "आम्हाला ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"हेच. सगळ्या गावाला ठाऊक आहे. बिटिया टंकीवर असली की आम्ही मेंथा आणतो. ती गेली म्हणून तर हे ढीग पडलेत दोन-तीन दिवस."

सियादुलारीने एकेकाच्या दिशेने तोंड फिरवलं. चेहरे तिला दिसत नव्हते, पण सगळे खाली बघतायत हे कळत होतं. सकाळची ती नवाबी, ते ढगांकडे बघणं, ते बिटिया आली का. मांजर डोळे मिटून दूध पितं तशी दोन वर्षं ती पीत होती, आणि अख्खा गाव भोवती उभा राहून बघत होता.

"दोन वर्षं!" तिचा आवाज फुटला. "दोन वर्षं मला शिव्या देऊ दिल्यात? चोर म्हणू दिलंत? एकालाही सांगावंसं वाटलं नाही, की सियादुलारी, तुला दिसत नाही, डोळे दाखव म्हणून? तोंडं शिवली होती का सगळ्यांची?"

इद्रीस मियांनी दाढीवरून हात फिरवला.

"सांगायचं ठरलं होतं, भौजी. किती वेळा ठरलं. मी छेदीला म्हटलं, जा, तू सांग. तो म्हणाला, मियां, पहिले आप."

पहिल्यांदा हसला तो शिवमोहन. मग कांती, रडतारडताच. मग सगळी टंकी हसायला लागली आणि सियादुलारी एकेकाचं नाव घेऊन शिव्या द्यायला लागली, त्यामुळे लोकांना बरं वाटलं.

सरजूदेवी कांतीजवळ गेली आणि तिचा हात हातात घेतला. "माझ्याही दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झालीत. गेलं की परत आलं, तेवढंच असतं. तुझ्या आईचा हंगाम संपला की तिला उन्नावलाच आणा, मी नेते दवाखान्यात, बघते रांगेतून कशी पळते. लग्न काय, देव उठल्यावर कार्तिकात करू. तोवर इथलं कुणीतरी नळ शिकेल."

"पण मुहूर्त..." फूफा म्हणाले. "एकादशीच्या आत उरकायचं..."

"नंदोईजी!" सियादुलारी त्यांच्याकडे वळली. "मेंथाच्या हंगामात लग्न काढू नका, हे मी सकाळपासून दुसरं काय सांगतेय?"

इद्रीस मियांनी कुणाला न विचारता आपली ट्रॉली टंकीकडे वळवली. मागचा एकजण ओरडला, नंबर माझा होता, आणि लगेच दुसऱ्याने त्याच्या सात पिढ्या काढायला सुरुवात केली. छेदीने नळ बंद केला आणि डबा सियादुलारीसमोर धरला. तिने तेलात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. तेल होतं, पाण्याचा थेंब नव्हता. जीभ गार पडत गेली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"पिपरमिंट लागलं वाटतं," सरजूदेवी हळूच म्हणाली.

"नाही," सियादुलारी म्हणाली. "रडतेय मी."